बंद करू नये

ते प्रकरण आठवलं की आजही मी माझा उजवा हात पदराखाली घेते.

पोलीस खात्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. मी अधिकारी नव्हते. नवरा शिपाई होता, तो नोकरीत असताना वारला आणि अनुकंपावर मला ठाण्यात सफाई कामगार म्हणून घेतलं. शिक्षण चौथी. पण सकाळी सगळ्यांच्या आधी ठाण्यात येणारी आणि प्रत्येक खोलीत जाणारी मीच, त्यामुळे बरीच प्रकरणं जवळून पाहिली. आमचे साहेब निवृत्तीनंतर आठवणी लिहितात. हे प्रकरण त्यांनीही लिहिलं आहे. त्यात एक गोष्ट राहिली, कारण ती त्यांना माहीत नाही. नावं मीही घालत नाही.

आमचं ठाणं सांगली जिल्ह्यातलं, पण ओढा ओलांडला की सातारा. हद्दीत एक साखर कारखाना होता. कुणी उसाची लागण कधी केली याची कारखान्यात नोंद असते आणि त्या तारखेप्रमाणे तोड येते. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. या तारखेवरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर कोयते उगारलेले मी पाहिले आहेत. पूर्वी ही नोंद वहीत होती, नंतर कॉम्प्युटरवर गेली.

हंगामाला चार दिवस राहिले असताना कारखान्याचे शेती अधिकारी फिर्याद द्यायला आले. सगळ्या नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या तो सुरू केला की लगेच बंद पडत होता. नोंदी गेल्या तर तोडीची यादी नव्यानं होणार आणि ज्याचा वशिला त्याचा ऊस आधी जाणार. संशय ऑपरेटरवर होता. पासवर्ड त्याच्याकडे, खोलीही त्याच्याच ताब्यात. तोडणीची यादी लावताना त्यानं कुणाच्या तरी तारखा बदलल्या आणि पकडलं जाऊ नये म्हणून मशीन पाडलं, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. वर त्या पोरानं घाबरून ते दहा-बारा वेळा बंद-चालू केलं होतं.

पोराला चौकशीला बोलावलं तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा बाप आला होता, फौजेतून निवृत्त झालेला. तीन दिवस तो बाकावर ताठ बसून राहिला. मी पाणी दिलं तेव्हा एवढंच म्हणाला, "बाई, पोरगं घाबरट हाय, पण लबाड न्हाई."

त्याच बाकाच्या टोकाला कारखान्याच्या माणसांबरोबर आलेले तिथले जुने क्लार्क बसले होते. त्यांना सगळे आण्णा म्हणत. कॉम्प्युटर येण्याआधी नोंदी तेच लिहायचे; आता नोकरी होती, पण ते काम नव्हतं. मांडीवर धुतलेल्या कापडात बांधलेल्या वह्या होत्या. पाणी देताना वरची वही उघडी दिसली. निळ्या शाईतलं सुंदर अक्षर, गावांची नावं आणि तारखा. तारखा या वर्षाच्या होत्या. मी वाचलं आणि पुढे गेले.

पंचनामा करून सर्व्हर मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणला. लॅबला पाठवला असता तर हंगाम संपेपर्यंत उत्तर आलं नसतं, म्हणून साहेबांनी सांगलीहून सायबर शाखेची एक महिला शिपाई मागवली. वय माझ्या मुलीएवढं. पहिल्याच दिवशी ठाणे अंमलदार उठून तिला मॅडम म्हणाले. मला इतक्या वर्षांत फक्त मावशी म्हणत. साहेबांनी आपला टेबलफॅन तिच्याकडे फिरवला. ती म्हणाली, "मावशी, चहात साखर कमी हं." मी मुद्दाम एक चमचा जास्त घातला. तिनं तो गुपचूप प्यायला, त्याचाही मला राग आला.

माझ्या मुलीला कराडला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. रोज एसटीनं कोण पाठवणार, असं मीच म्हणाले होते. ती आता वाईला सासरी आहे, सुखी आहे. पण या पोरीची बोटं चालताना दिसली की मला माझ्या पोरीची भाकरी थापणारी बोटं दिसत.

काम मात्र तिचं चोख होतं, हे लिहिलं पाहिजे. मूळ मशीनला तिनं हात लावला नाही. आधी त्याची जशीच्या तशी नक्कल केली आणि नकलेवर काम धरलं. मी झाडत असताना आपणहून सांगायची. "मावशी, याला चालू केलं की हा आधी अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला धावतो. तिथं एक पान फाटलंय. तिथं पोचला की पडतो. पुन्हा उठवला की पुन्हा तिथंच."

"मग वो?"

"मग त्याला सांगायचं, बाबा, ते काम राहू दे. काही लिहू नको, नुसतं वाचून दाखव."

आमचे एक जुने हवालदार जबाब असाच घ्यायचे. ज्या प्रश्नाला माणूस तोंड मिटतो तो प्रश्न सोडून द्यायचे आणि रानाचं, बैलाचं विचारत बसायचे. मला हे आठवलं, पण तिला सांगितलं नाही. तिला कशाला हुशार करू?

असा तिनं तो उघडला. एकेका गावाच्या नोंदी बाहेर काढायला सुरुवात केली. एका गावाला मशीन पुन्हा पडलं. तिनं ते गाव शेवटाला ठेवलं. मग वरून खाली वाचत फाटलेल्या जागेपर्यंत आली आणि खालून वर वाचत दुसऱ्या बाजूनं तिथंच आली. मधलं थोडंच राहणार होतं.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही तर पोराला अटक दाखवावी लागेल. वरून फोन आहे." बाकावरच्या बापानं ते ऐकलं.

दुपारी साहेबांनी तिच्यासाठी घरून डबा मागवला. असे डबे मी जन्मभर धुतले, माझ्यासाठी एकही आला नाही. जेवायला जाताना तिनं भिंतीवरच्या बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवली. त्यावर लिहिलं होतं: बंद करू नये. मला म्हणाली, "मावशी, तुमच्या ठाण्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी मेलीय. हे बटण गेलं तर दोन दिवसांचं काम गेलं. तुमच्यावर सोडून जाते. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

खोलीत मी एकटी. हातात ओलं फडकं. रोज मी ती बटणं पुसायची, त्यामुळे कुणी पाहिलं असतं तरी संशय आला नसता. माझा हात वर गेला. बोट बटणावर टेकलं. त्यात माझा काही फायदा नव्हता. मला फक्त तिला त्या खुर्चीवरून उठलेलं बघायचं होतं. फॅन पुन्हा साहेबांकडे वळलेला बघायचा होता.

तेवढ्यात बाहेर त्या फौजी बापाचा खोकला आला. आणि एकदम आण्णांची ती वही माझ्या डोळ्यांपुढं आली. कॉम्प्युटर येऊन इतकी वर्षं झाली, तरी या वर्षाच्या तारखा आण्णा कुणासाठी लिहीत होते?

मी हात खाली घेतला. फडकं तसंच घेऊन दारात जाऊन बसले, ती येईपर्यंत.

संध्याकाळी नोंदी निघाल्या. कुणाचीच तारीख बदललेली नव्हती. यादी लावायचं काम चालू असताना मधेच मशीनची लाईट तुटली होती, एवढंच मशीननं सांगितलं. बाकी कारखान्यात त्या वेळी लाईट होती. साहेब वैतागले. "मग फायदा कुणाला? खोलीत तर हाच पोरगा."

साहेबांसमोर मी कधी बोलत नसे. त्या दिवशी चहाचा ट्रे हातात धरून बोलले. "साहेब, आण्णांना विचारा."

"का गं मावशी?"

"असंच."

साहेबांनी आण्णांना आत घेतलं. तू कुठं होतास, खोलीत गेलास का, सरळ विचारलं. आण्णांनी तोंड मिटलं. दोनदा, तीनदा, काही नाही. साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले, तेव्हा मी चहा ठेवला आणि म्हणाले, "आवं आण्णा, वही लय झाक लिवलीया. कवाधरनं लिवताय?"

त्यांनी मान वर केली. "तीस वर्सं. मशीन आलं तरी लिवतोयच. रोज गावात फिरून इचारून लिवतो."

"आन् बघतं कोण?"

"कोण न्हाई." त्यांनी वह्यांच्या कापडाची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाले, "पोरगं जेवायला गेल्तं. मी आत गेलो, बटण खाली केलं आन् वर केलं. मला वाटलं, दोन दिस बंद पडंल, मग कुणीतरी म्हणंल, आण्णास्नी इचारा."

"आन् पोराला धरलं ते?"

"आज बोलीन, उद्या बोलीन म्हणत ऱ्हायलो. मग त्याच्या बापाकडं बघायचं धाडसच झालं न्हाई."

दारात साहेब उभे होते. पुढं रीतसर जबाब झाला. ऑपरेटर सुटला. बापानं पोराची पिशवी आपल्या हातात घेतली आणि दोघं बाहेर पडले.

फाटलेल्या जागेतल्या नोंदी मशीनमधून निघाल्याच नाहीत. त्या आण्णांच्या वहीत होत्या. आधी पोरीनं निघालेल्या नोंदी वहीशी ताडून पाहिल्या. एकही तारीख चुकलेली नव्हती. मग तिनं राहिलेल्या तिथून घेतल्या. पान उलटताना ती म्हणाली, "काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं." तेव्हा म्हातारा रडला. जबाब देताना रडला नव्हता. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि नोकरी गेली. हंगाम वेळेवर सुरू झाला.

साहेब लिहितात की गुन्ह्यात आधी फायदा कुणाचा ते बघावं. ते खरंच आहे, बहुतेक वेळा तसंच असतं. पण ज्याला कुणी विचारत नाही, त्यालाही एकदा बघून घ्यावं. आण्णांनी बटण दाबलं आणि मी दाबलं नाही, यात फरक एका खोकल्याचा होता. मी त्यांच्यापेक्षा चांगली आहे असं मला कधी वाटलं नाही.

ती पोरगी आता हवालदार झाली. बातमी सांगायला तिनं फोन केला तेव्हाही पोटात थोडं दुखलं. सणासुदीलाही तिचा फोन येतो आणि दर वेळी ती विचारते, "मावशी, आण्णांचं तुम्हाला कळलं कसं?"

मी सांगते, "बटणं पुसताना कळलं गं." ते खोटं नाही. ती हसते आणि पुढचं विचारत नाही.