मुखत्याराकडचे कागद

वडील दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला, म्हणून धुळ्यातला आमचा प्लॉट त्यांच्या वतीने त्यांच्या मित्राने घेतला. या मित्राला आम्ही नाना म्हणायचो. वडिलांनी त्यांना मुखत्यारपत्र दिलं होतं आणि खरेदीखत, नकाशा, सगळं त्यांच्याकडेच राहिलं. पावती कुणी मागितली नाही. आपल्या माणसाकडे पावती मागणं म्हणजे आमच्याकडे त्याला तोंडावर चोर म्हणणं.

वडील गेले. कॉलनीतलं क्वार्टर सोडायचं होतं आणि आईला त्या प्लॉटशिवाय दुसरा आसरा नव्हता. ती कागद मागायला गेली, तर नाना म्हणाले, "वहिनी, कोरटना हुकूम लई या." कोर्टाचा हुकूम आणायला सांगून वर चहा पाजला. मला त्या चहाचाच जास्त संताप आला.

"कुंपणच शेत खातंय," वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, म्हणाले. वकील त्यांनीच गाठून दिला. दर तारखेला ते आमच्याशेजारी बाकावर बसत. बाईमाणसाला दगदग नको म्हणून कागद स्वतःच्या ताब्यात मिळावेत, असंही त्यांनी अर्जात घालून घेतलं. तेव्हा मला ते देवमाणूस वाटत होते आणि नाना दरोडेखोर.

शेवटी कोर्टाने कागद हजर करण्याचा हुकूम काढला. नाना परीटघडीची टोपी घालून आले. कागदांचं गाठोडं टेबलावर ठेवून न्यायाधीशांना हात जोडून म्हणाले, "सायेब, हाई या बाईनाच हातमा द्या. दुसरा कोनलेबी नको." न्यायाधीशांनी ते आईला दिलं. एवढी कळकळ होती तर आधीच का नाही दिलंत, असं मी बाहेर व्हरांड्यात त्यांना फाडकन विचारलं.

नाना आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, तेरावानंतर तुमना दीर कागद मांगाले उना व्हता. हुकूमबिगर कोनलेबी देवाव नही, आसं मी त्याले सांगं. मंग तुमले कसा देतू? आनि घरमा भांडन कसाले लावू? आते कागद तुमना हातमा शेतस, म्हनीसन सांगस."

तेराव्यानंतर कागद मागायला गेलेले काका तिथेच उभे होते. सुपारी चघळायची थांबली होती. मला रडू आलं, लाजेचं आणि रागाचं, दोन्ही. नाना चप्पल घालून जिना उतरून गेले.

जरा वेळाने काकांनी हात पुढे केला. "वहिनी, द्या ते गाठोडं इकडे. जड असेल."

"राहू द्या, भाऊजी," आई म्हणाली. "माझं मला पेलतंय."