त्याल खंय जाता?

"पिशी उघड बघूया, गो."

संध्याकाळी मी घरी निघाले की मावशी दारात आडव्या उभ्या राहायच्या. मी पिशवी उघडायची. त्या माझ्या रिकाम्या डब्याचं झाकण काढून वास घ्यायच्या आणि नाक मुरडून म्हणायच्या, "जा."

तोंडवलीला पर्यटकांच्या एका खानावळीत मी वडे तळते. तेलाचा डबा लवकर संपू लागला, तसं मालकीण वहिनींचं माझ्याशी बोलणं कमी झालं. तू चोरतेस, असं त्या म्हणाल्या नाहीत. वालावलहून आपल्या मावशीला मात्र बोलावून घेतलं. मला चारचौघांत शब्द फुटत नाही. गप्प माणूसच चोर वाटतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. काम गेलं असतं तर चोर म्हणूनच गेलं असतं, मग गावात दुसऱ्या कुणी चुलीपाशी उभं केलं नसतं.

मावशींचा कुणावरच विश्वास नव्हता. देवाला हात जोडतानाही मान वळवून चपला बघायच्या. स्टुलावर बसून त्या दिवसभर माझे हात बघत.

एकदा मी गरम वडे टोपात एकावर एक टाकत होते. मावशींनी तळचा वडा उचलून वर्तमानपत्रात दाबला. कागद तेलाने आरपार झाला. मग कढईतला एक स्वतः काढला, झाऱ्यावर झटकला, थोडा निथळू दिला आणि तसाच दाबला. कागदावर जेमतेम डाग.

"चोर गावलो!"

वहिनी धावत आल्या.

"ह्यो बघ, गो. कढयेत नाय पियत मेलो. भायर काढलंस, पाठ फिरवलंस, की थंड होता होता आंगावरचा त्याल भितर ओढता."

वहिनींनी दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चाय घी, गो."

तेव्हापासून पीठ घट्ट, तेल कडक तापलेलं, कढईत गर्दी नाही. वडा काठावर झटकायचा, मग रोवळीत उभा ठेवायचा. डबा पुरू लागला.

पिशवी मात्र मावशी तपासतच राहिल्या. मी एकदा धीर केला. "अजून कित्याक, मावशे?"

"मोठो चोर गावलो. बारको असलो तर?"

त्या वालावलला परत निघाल्या त्या दिवशी मी सवयीने पिशवी उघडून धरली. त्यांनी आत पाहिलंच नाही. कागदात बांधलेले वडे टाकले आणि पिशवीला स्वतः गाठ मारली.

घरी आल्यावर मी आधी तो कागद उजेडात धरला. कोरडा होता.

गेल्या वर्षी त्या वारल्या. अजून दारातून निघताना माझा हात पिशवीच्या तोंडाशी जातो. कुणी बघत नाही.