पद्मालयाच्या वाटेवर भेटलेले नाना

वैमानिकाची योग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास झालं की हवाई दलाचं विमान चालवायचं दार कायमचं बंद. बारावीनंतरची लेखी परीक्षा मी पास झाले, मुलाखतीचं आणि तिच्यासोबतच होणाऱ्या या चाचणीचं बोलावणं आलं, घरात पेढे वाटले गेले आणि मला मात्र ठरवता येईना. आत्ताच, अठराव्या वर्षी जावं, की पदवी घेऊन, पक्कं होऊन मग? जळगावात आमचं बियाण्यांचं दुकान. पप्पा म्हणायचे, घाईने पेरलेलं बी वाया जातं. आई म्हणायची, जमिनीचा वाफसा गेल्यावर पेरून काय उपयोग. मला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत होती.

शेवटी आई म्हणाली, चल, पद्मालयाच्या गणपतीपुढे बसू. मी काही फार देवभोळी नव्हते. तरी रविवारी सकाळी आम्ही मायलेकी स्कूटरवरून निघालो. एरंडोल मागे पडलं आणि मंदिराच्या जंगलवाटेवर स्कूटर बंद पडली. किक मारून मारून पाय दुखला. मनात आलं, देवाला आपल्याशी बोलायचंच नसावं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून सत्तरीतले एक नाना आले आणि थांबले. मूळचे साक्रीकडचे, लेकीकडे निघालेले. त्यांनी कापडात गुंडाळलेली हत्यारं काढली, प्लग काढून घासला, आणि दुसऱ्या किकला स्कूटर सुरू. मग ते आपले पाने-पकडी मोजत बसले. एकदा, पुन्हा एकदा. आईला हसू आलं. नाना ओशाळून म्हणाले की जुनी खोड आहे. वीस वर्षं हवाई दलात विमानं दुरुस्त केली, तिथे एक पाना आत राहिला तरी अनर्थ.

मी बघतच राहिले. मग सगळं सांगून टाकलं, नापास होण्याची भीतीसुद्धा. कुठला रस्ता धर, हे त्यांनी सांगितलंच नाही. आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "बेटी, पायलटले आम्हना चेहरा बी माहीत नसे. तो आपलं तपासी ले, मंग आम्हनावर भरोसा ठेईसन उडी जाये. तू बी आपला हातमा शे ते कर, बाकी सोडी दे."

मंदिरात मी काहीच मागितलं नाही. तळ्याकाठी कमळं बघत बसले. उठले तेव्हा आत्ताच जायचं ठरलेलं होतं.

चाचणी पास झाले. पण जागा मोजक्या. अंतिम यादीत नाव आलं नाही. गंमत म्हणजे रडू आलं नाही. चाचणीचा निकाल कायम राहणार होता. मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली, पदवीनंतरच्या रस्त्याने पुन्हा गेले, आणि या वेळी यादीत नाव आलं. आपलंच खरं ठरलं, असं आई आणि पप्पा दोघंही सांगत फिरतात.

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाला निघतेय. आईने बॅगेत शेवेचे तीन डबे कोंबलेत. पप्पा बियाणं घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी माझी बातमी देतात, मग भाव सांगतात. तिकडे काय होईल, मला ठाऊक नाही. पूर्वी या एका वाक्याने झोप उडायची. आता ते म्हणताना हलकं वाटतं. गजाननाकडे उत्तर मागायला गेले होते, आणि उत्तराविना पाऊल टाकायचं बळ घेऊन आले. त्याच्या पायाशी माझा नमस्कार.