बहिणीने हसून केलेली सही

एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत माझ्या धाकट्या बहिणीचे नाव आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या, उभा जन्म भातखाचरांत गेलेल्या या बाईचा मला किती अभिमान वाटतो, हे सांगताना माझा स्वतःचा दोषही सांगणे भाग आहे.

भुकूमच्या आमच्या घरामागे भाड्याच्या चार खोल्या आहेत. त्यांतल्या एकीत राहणारा, लातूरकडून संगणक कंपनीत नोकरीला आलेला तरुण मित्रांना जमवून एक लहानसा चित्रपट करीत होता. विषय आमच्या मुळशी तालुक्याला नवा नव्हता: जमिनीला भाव येतो आणि भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो. त्याने चित्रीकरणासाठी आमची ओसरी मागितली. मी चपापलो, पण नकाराचे कारण सांगावे लागले असते, म्हणून होकार दिला.

वीस वर्षांपूर्वी मीही बहिणीकडून अशीच सही घेतली होती. पौडच्या नोंदणी कार्यालयात तिने हसत सही केली आणि मी दिलेली साडी घेऊन ती सासरी गेली. तिने राजीखुशीने दिले, अशी मी माझी समजूत घालत आलो होतो.

चित्रीकरणाच्या दिवशी ती माहेरी आलेली होती. मागे बसायला बायका हव्या होत्या, म्हणून तिलाही बसवले. बहिणीची भूमिका करणारी मुलगी सही करताना हमसून रडत होती. तिसऱ्यांदा रडली तेव्हा माझी बहीण मागून म्हणाली, "अगं पोरी, आसं रडत न्हाई कुणी."

"मग काय करतात, मावशी?" त्या तरुणाने विचारले.

"हासत्यात. भावाच्या पोरांचं कौतुक करत्यात. भावजयीला इचारत्यात, दिवाळीला कवा येऊ. जमीन तर गेलीच, निदान दार तरी उघडं ऱ्हावं." मग तीच पुढे म्हणाली, "आता च्या तरी पाजा की."

मग तिने त्या मुलीला हसून दाखवले. ते हसू मी ओळखले.

बावधनमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात चित्रपट दाखवला गेला. हसत सही करण्याच्या प्रसंगाला कितीतरी बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी बहिणीला पुढे बोलावण्यात आले. एका बाईंनी विचारले, "हे तुम्हाला कसं सुचलं?"

"आमच्याकडं लई जणींचं आसंच हाय," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती मला पुन्हा झाकून घेत होती.

मी उभा राहिलो. "ती सही मी घेतली होती. अर्धी जमीन तिची आहे, ती मी तिच्या नावावर करून देणार आहे."

"खाली बस, दादा," ती म्हणाली. "सिनेमा माझा हाय."

सभागृह हसले. मीही हसलो आणि खाली बसलो.

कागद तयार व्हायला दोन महिने गेले. पौडला तिने चष्मा लावून मसुदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागे रांग खोळंबली. "आवरा, ताई," कोणीतरी म्हणाले. "वाचू द्या की. घाई तुमाला हाय, मला न्हाई," असे म्हणून ती शांतपणे पान उलटत राहिली. तिच्या शेजारी उभा असताना माझी मान ताठ झाली होती. तेवढा अधिकार मला उरला आहे की नाही, ते मला ठाऊक नाही.

चौथ्या पानावर तिने पेन खाली ठेवले.

"दादा, ह्यो गट नंबर आपला न्हाई, लिवणाऱ्यानं आकडा चुकवलाय. बदलून आण जा."

मी गेलो.