कुंकू लावलेला डबा

मी वाईत बायकांना स्कूटी शिकवते. "ब्रेक दाब गं बाई, ब्रेक!" हे मी झोपेतसुद्धा ओरडते असं नवरा सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. पोरींना शिकवावं लागत नाही, त्या भावाची गाडी पळवून शिकतात. चाळिशीतल्या बाईला गाडी यायला वेळ लागतो, पण आली की पक्की येते. आणि मग खरी पंचाईत होते. आता जायचं कुठं? मंडई चालत जाण्यासारखी. माहेर असतं लांब, तिकडं एसटीच बरी. आणि उगीच चक्कर मारून आली तर घरात दहा जण विचारणार, कशाला गेली होतीस?

त्यावरचा तोडगा मला माझ्या सांगलीच्या भाचीनं दिला. ती तिकडं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. एकदा तिच्याकडे राहायला गेले होते, तर म्हणाली, "मावशी, चल, एक गंमत दाखवते." कृष्णेच्या काठानं आम्ही चालत निघालो. तिच्या मोबाईलमधल्या नकाशावर एक ठिपका होता. ठिपक्याजवळ पोचलो तर तिथं एक जुनी दगडी भिंत, दुसरं काही नाही. "शोध आता," म्हणाली. मी येड्यासारखी भिंत चाचपत राहिले. शेवटी एका फटीत बोटाएवढी डबी सापडली. आत सुरळी केलेला कागद, त्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं. भाचीनं सांगितलं, याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबा लपवतं, ती जागा नकाशावर टाकतं, बाकीच्यांनी शोधायचा, नाव लिहायचं आणि होता तसा परत ठेवायचा.

"आणि मिळतं काय?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! आमच्या आयुष्यात काही न मिळण्यासाठी केलेली गोष्ट एकही नव्हती. उपास केला तर तोही नवऱ्यासाठी.

वाईला परत आल्यावर मी माझ्या शिकाऊ बायकांना नाद लावला. आम्ही त्याला नुसतं 'डबा' म्हणायचो. रविवारी सकाळी स्वयंपाक उरकून चारपाच स्कूट्या निघायच्या, कधी पाचगणीच्या वाटेला, कधी खंबाटकीच्या अलीकडे. मोठ्या डब्यांत बारीकसारीक वस्तूही असतात. त्यातली एक घ्यायची आणि आपली एक ठेवायची, असा नियम. तो मला कुणालाच समजावून सांगावा लागला नाही. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे आम्ही आईच्या हाताखालीच शिकलेलो. एकीनं पहिल्यांदा चक्क शेंगदाण्याचा लाडू ठेवला. पुढच्या खेपेला डब्यात मुंग्यांचं राज्य. मग कानाला खडा लावला, खायचं काही ठेवायचं नाही.

आमच्यातली सगळ्यात हौशी होती ती वाईजवळच्याच एका गावातली अंगणवाडीची बाई. नवरा शिरवळला कंपनीत पाळीवर जायचा. हिला स्वतःला मूल नाही. पण गावातली आज मिशा फुटलेली पोरं हिच्याच सतरंजीवर बसून 'अ अननसाचा' शिकलेली. अंगणवाडीच्या वेळेत फोन केला की आधी चिल्ल्यापिल्ल्यांचा कालवा ऐकू यायचा, मग तिचा आवाज. "थांबा हां ताई, हितं एकाची चड्डी सुटलीया." मी तिला कधी मूल नसल्याबद्दल बोललेलं ऐकलं नाही, आणि गावानंही तिच्या तोंडावर ते कधी काढलं नव्हतं.

दुसऱ्यांचे डबे शोधून झाल्यावर तिला वाटलं, आपणही एक लपवावा. तिच्या गावामागच्या डोंगरावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथून धोम धरणाचं पाणी इतकं सुंदर दिसतं, आणि गावातली एकही बाई कधी वर जात नाही. "लोकांनी यावं, बगावं, एवढंच वो," ती म्हणाली. घट्ट झाकणाचा डबा आणला. त्यात रिबिनी, एक शिट्टी, रंगीत खडू आणि कुणा बाळाची लहान झालेली काळ्या मण्यांची मनगटी ठेवली. आणि मग तिनं जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. घरात नवा मिक्सर आला तरी आपण काय करतो? नवी स्कूटी शोरूमबाहेर काढायच्या आधी काय करतो? तिनं डब्याला हळदकुंकू लावलं, आत सुपारी आणि चिमूटभर तांदूळ ठेवले आणि हात जोडले. मीही जोडले. टाक्याजवळच्या कपारीत डबा सारून आम्ही हसत खाली आलो.

थोड्याच दिवसांत गवत कापायला गेलेल्या कुणाला तरी तो दिसला. त्यानं व्हिडिओ काढला. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या, तिथून साताऱ्याच्या एका बातम्यांच्या पोर्टलवर. त्यांनी बातमी लावली: "डोंगरावर करणीचा डबा! गुप्तधनासाठी लहान मुलांवर डोळा?" मनगटीचा फोटो मोठा केलेला, भोवती लाल गोल. मागं धडधड संगीत. झाकणावर आम्हीच मार्करनं लिहिलेले जागेचे, म्हणजे अक्षांश-रेखांशाचे, आकडे दाखवून निवेदिका म्हणते, हे सांकेतिक अंक नेमके कशाचे? अगं बाई, ज्या मोबाईलवर तू हे वाचतेयस त्याच मोबाईलमध्ये टाक की ते आकडे, सरळ टाक्यापाशी आणून सोडेल! पण तेवढंही कुणी केलं नव्हतं. डोंगरावर जाऊन बघणं तर लांबच.

दुसऱ्या दिवशी गावात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई आली. वर्षानुवर्षं येणारी. तिच्या टोपलीभोवती नेहमीसारखी पोरं जमली आणि कुणीतरी ओरडलं, "पोरं पळवणारी हाय ही!" बघता बघता माणसं गोळा झाली. तिची टोपली उपडी केली, एकानं दंडाला धरलं. अंगणवाडीच्या दारातून आमच्या बाईनं ते पाहिलं. ती धावत गेली आणि त्या बाईच्या पुढं उभी राहिली.

"सोडा तिला. आवं, डबा माझा हाय. मी ठेवलाय."

मला हे तिनं फोनवर सांगितलं. "अगं, गप्प बसायचं होतंस, पोलिसांना बोलवायचं होतंस," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तवर तिचं डोस्कं फुटलं असतं." बरोबरच होतं तिचं. भांडीवाली सुटली, रडत भांडी गोळा करून गेली. आणि गाव हिच्याकडं बघत उभं राहिलं.

त्यानंतर अंगणवाडीत एक मूल आलं नाही. एक म्हणजे एक नाही. मदतनीस खिचडी शिजवायची आणि झाकून ठेवायची. ही घरोघर गेली, तर दारातूनच उत्तरं. सर्दी झालीय, मामाच्या गावाला गेलंय. घरात मूल खेळत असल्याचा आवाज येतोय आणि आई म्हणतेय मामाकडं गेलंय! कुणीतरी म्हणालं, मूल न्हाई ना हिला, म्हणून. इतकी वर्षं न बोललेलं ते असं बाहेर आलं. सुपरवायझर मॅडमनी सांगितलं, मुलं परत आली नाहीत तर मला वर कळवावं लागेल, ग्रामसभेचा ठराव आला तर तुमची अंगणवाडी जाईल. ती मला म्हणाली, "ताई, अंगणवाडी गेली तर मी सकाळी उठून करू काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. स्कूटीला किक मारली आणि थेट साताऱ्याला त्या पोर्टलच्या ऑफिसात. मोबाईलच्या दुकानावर एक खोली, दोन कॉम्प्युटर. बातमी करणारा पोरगा तिशीचा, नम्र. उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. "बोला मावशी," म्हणाला.

"मावशी म्हणू नका," मी म्हटलं. "एका बाईच्या जिवावर उठलात तुम्ही."

"मॅडम, आम्ही आरोप कुठं केलाय? शेवटी प्रश्नचिन्ह आहे बघा."

"प्रश्न होता तर तिला विचारायचा. गावाला कशाला विचारलात?"

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, कडकडून भांडता तरी आलं असतं. त्यानं सांगितलं, दिवसभरात अमुक इतक्या बातम्या द्याव्याच लागतात, जागेवर कधी जाणार? मग त्याचे डोळे चमकले. "तुमचीही बाजू दाखवतो की. पॉझिटिव्ह स्टोरी करू." आणि मी भुलले. वाटलं, एकदा नीट समजावलं की झालं.

तो कॅमेरा घेऊन वाईला आला. मी सगळं सांगितलं, ठिपका, कागद, एक घ्या एक ठेवा. हळदकुंकू का लावलं तेही. त्याचं आपलं एकच. "खजिना सापडला तर काय कराल?" मी म्हटलं, खजिना नसतो. "समजा सापडला तर?" अहो, नसतोच म्हणतेय ना! मला हसू आलं. बातमीत माझं तेवढं हसूच ठेवलं, आणि "शोधायला फार मजा येते" हे वाक्य. वर मथळा: "डोंगरात दडलाय खजिना? वाईच्या महिलांची गूढ मोहीम!" मध्ये पुन्हा तेच कुंकवाचं झाकण आणि तीच मनगटी. कपाळ माझं! यांच्याकडे दोनच कप्पे आहेत. एक भीतीचा, एक नवलाचा. बायका रविवारी सकाळी डोंगरावर जातात आणि रिकाम्या हातानं खूश होऊन येतात, याला कुठलाच कप्पा नाही. दोन दिवसांत आसपासची पोरं पहारी घेऊन टाक्यावर गेली आणि कपारीचे दगड उचकटून आली. आमच्यातल्या दोघींच्या घरून रविवार बंद झाला. गाडीची किल्ली सासऱ्यांकडं गेली.

शेवटी भाची सांगलीहून आली. म्हणाली, बातमीला बातमीनं उत्तर नको, आपण गावातच जाऊ. मारुतीच्या देवळासमोर माणसं बसली होती. तिनं फार बोलणं केलंच नाही. आधीच शाळेच्या आवारात एक डबी लपवून आली होती, ती तिनं गावकऱ्यांनाच शोधायला लावली. टोपीवाले म्हातारे मोबाईल हातात धरून, "आरं गड्या, फुडं जा फुडं, ठिपका हलतोय," करत निघाले. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं डबी सापडली तेव्हा पोरांसारखे ओरडले. सरपंच हसत म्हणाले, "आवं, ही तर लपाछपी हाय. पटलं आमाला. सोमवारपास्नं पोरं धाडतो." बायका मागं उभ्या होत्या. त्याही हसल्या. आमच्या बाईनं भाचीचे हात धरले आणि ती रडली. मला वाटलं, सुटलो.

रविवारी तिचा फोन आला. "ताई, उद्या तुमी येता का? मला एकटीला भ्या वाटतंय." मी स्कूटीचे दोन्ही क्लास पुढं ढकलले आणि गेले.

आणि खरंच, पोरं आली. आया सोडायला आल्या, एकदोघी माझ्याशी बोलल्याही. खोली भरली, कालवा सुरू झाला. तिनं सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं, हातवारे करून. मी कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवत होते. खिचडीच्या आधी तिनं पोरांना रांगेनं नळावर नेलं, एकेकाचे हात धुवायला लागली. तेव्हा उन्हात माझ्या लक्षात आलं. प्रत्येक पोराच्या गालावर काजळाची तीट होती. तान्ह्या बाळाला लावतात तशी. पाच पाच वर्षांच्या पोरांनासुद्धा. एकही गाल सोडला नव्हता.

मी तिच्याकडं पाहिलं. तिला पोरं दारात आली तेव्हाच दिसलं होतं.

"थांब," मी म्हटलं, "मी जाऊन विचारते एकेकीला. कुणाची नजर लागणार आहे गं इथं?"

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली.

एका चिमुरडीनं ओल्या हातानं तोंड चोळलं आणि तिची तीट पुसली गेली. नुसता काळा फराटा राहिला. बाईनं पदरानं तो फराटा टिपला. मग तिची हनुवटी धरली, स्वतःच्या डोळ्याच्या कडेचं काजळ करंगळीवर घेतलं आणि त्याच जागी, तेवढीच, गोल तीट लावली.

"पुसल्याली दिसली," ती मला म्हणाली, "तर हिची आई उद्या धाडायची न्हाई."