चार पुरणपोळ्या

पुढे कधीतरी जिवंत करता येतील या आशेवर मृतदेह गोठवून जपायचा धंदा अगदी सुरुवातीला करणारा एक म्हातारा माहितीपटात दिसला. गोठवायची टाकी बंद पडून देह वितळले, तरी नातेवाइकांना तो ‘सगळं ठीक आहे’ सांगत राहिला. हे कबूल करताना तो शर्टाचं बटण चाचपत होता. मला त्याचा राग येईना.

आई गेली तेव्हा तिच्या हातच्या चार पुरणपोळ्या बाबांनी फ्रीझरमध्ये ठेवल्या. मागच्या महिन्यात बर्फ काढायला बंद केलेला फ्रीज सुरू करायलाच मी विसरले आणि आम्ही गावाला गेलो. परतल्यावर बुरशी आलेल्या पोळ्या मी गुपचूप टाकल्या.

“आहेत ना गं नीट?” परवा बाबांनी विचारलं.

“हो बाबा.”

“तुझ्या लग्नात एकेक खाऊ.”

खोटं बोलून आपण नक्की कुणाला जपतो? काल मी दुकानातून चार पोळ्या आणल्या आणि त्याच कप्प्यात ठेवल्या.