घाड्याचा ठराव

भिकाजी घाडी पक्षाचा जुना माणूस, पण सभेत बोलायला उभा राहिला की त्याची बोबडी वळायची. देवळात मात्र तोच माणूस वेगळा. मसुऱ्याजवळच्या त्याच्या गावात रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. लग्न असो, पेरणी असो, कोणाची म्हैस हरवलेली असो, भिकाजी हात जोडून देवाला ठणकावून सांगायचा आणि प्रत्येक वाक्यामागे सारा गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा."

सत्तावन्नच्या निवडणुकीआधी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांची सभा त्याच देवळात भरली. भिकाजीला एकच ठराव हवा होता. देवाची राय, म्हणजे देवळामागचं कधी न तोडलेलं रान, पक्षाच्या माणसाने कुठल्याही गावात तोडू नये. शेजारच्या गावची राय पक्षातल्याच एकाने कोळशासाठी उतरवली होती, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिथला व्हाळ, गावचा ओढा, आटला होता. आपल्या रायीखालचा झरा गेला तर गावाने प्यायचं काय, ही धास्ती भिकाजीला झोपू देत नव्हती.

"दोन मिनिटांत आटपा, घाडी," तालुक्याचे पुढारी भाई म्हणाले. भाईंचा कोळशाचा धंदा होता. माणूस हसतमुख, कोणाला नाही म्हणत नसे, फक्त विषय बदली. भिकाजी "अध्यक्षमहाराज" म्हणाला आणि तिथेच अडकला. मागे कोणीतरी हसलं. त्याचे कान तापले. समोर भाई होते आणि भाईंच्या मागे गाभारा. त्याने नजर भाईंवरून पुढे नेली, हात जोडले, आणि रोजचा आवाज आपसूक लागला.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा," सभा म्हणाली. सगळ्यांचे हात जोडले गेले होते.

"तुज्या रायेन आमका पाणी दिल्यान, सावली दिल्यान."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या पक्षातलो जो कोण रायेक कुऱ्हाड लायत, तेच्या घराक तू जाब इचार."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, बाबलीचा जाडा आवाज आला. बाबली हा भिकाजीचा जिवलग, खाडीत होडी चालवायचा, पक्षाचं कामही करायचा. देवळात त्याचं 'व्हय म्हाराजा' नेहमी असंच मागून यायचं. या वेळी भाईंचेही ओठ हलले होते.

ठराव एकमताने मंजूर झाला. पुढची चार वर्षं तालुक्यात पक्षाच्या एकाही माणसाने रायीला हात लावला नाही. शंभर भाषणांनी झालं नसतं ते भीतीने झालं. भिकाजीची छाती फुगली होती, खोटं कशाला बोला.

मग बाबलीच्या होडीची एक फळी कुजली, आणि त्याने कोणाला न सांगता रायीतलं उंडीचं एक झाड तोडलं. नारळी पौर्णिमेनंतर होडी पहिल्यांदा बाहेर गेली ती खाडीच्या मुखावर उलटली. बाबली बुडाला. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा उंडीची नवी फळी तेवढी धड होती.

गाव भिकाजीकडे आदराने बघू लागला, आणि तो आदर भिकाजीला खाऊ लागला. लाटेने मारलं म्हणावं, तर जाब विचारायला देवाला त्यानेच सांगितलं होतं. झाडं वाचवायला गेलो आणि मित्र मारला, हे त्याच्या मनातून जाईना. गाऱ्हाण्यात सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून गप्प झाले की मागून, जरा उशिरा, तो जाडा आवाज त्याला ऐकू यायचा. तो मध्येच थांबायचा. लोकांना वाटायचं, वय झालं.

एके दिवशी बाबलीची बायको तुळसा दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"भावजी, तो गेलो तो गेलो. पण तुमी घराचा नाव घेतलात. घरात माजो झील आसा, तापान फणफणलो आसा. आमच्या घराक सोडवा."

"सोडयतंय गो," भिकाजी म्हणाला. "तुज्या घराक तेवढ्या."

ज्यांनी शब्द दिला होता, तीच माणसं शब्द सोडवायला हवी होती. त्याने भाईंना निरोप धाडला. भाई इतक्या तातडीने कधी आले नव्हते; येताना त्या सभेतल्या सगळ्यांना देवळात घेऊन आले.

भिकाजीने फार जपून शब्द लावले. "बा देवा म्हाराजा, बाबलीच्या घराची चूक पदरात घे, तेच्या झिलाक राख."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणं संपलं होतं. भिकाजी हात सोडणार, तोच भाई डोळे मिटून पुढे झाले. "आनि देवा म्हाराजा, त्या दिसा जी माणसा बोलली, त्या सगळ्यांका त्या शब्दातून मोकळी कर."

"व्हय म्हाराजा," सभा म्हणाली. आणि सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, एक जाडा आवाज आला. भिकाजीने दचकून मागे पाहिलं. सगळ्यांच्या मागे कोणी नव्हतं. सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते, आवाज तिथून आल्यासारखे.

तुळसाचा मुलगा बरा झाला. दिवाळीनंतर भाईंची माणसं रायीत शिरली. भिकाजी घरापुढच्या खळ्यात बसून घाव ऐकायचा. देवळात जायचं त्याने सोडलं. शिमग्यापर्यंत झरा आटला, तेव्हा तुळसा लांबच्या बावीवरून पाणी आणताना त्याच्याही दारात एक कळशी ठेवू लागली.

"झील बरो आसा माजो," ती रोज सांगायची. "तुमी बरा केलात, भावजी."

भिकाजी कळशीकडे बघत राहायचा आणि जरा उशिरा म्हणायचा, "व्हय म्हाराजा."